मोह आणि प्रतिकार यांची अभिव्यक्ती : इंग्रजी व फ्रेंच भाषांचा तौलनिक विचार

सारांश

इंग्रजी आणि फ्रेंच या दोन्ही भाषांनी मोह व प्रतिकार यांसाठीचे मूळ शब्द लॅटिनमधून घेतले. त्यामुळे शब्द सारखे दिसतात. परंतु वाक्यरचनेत ते वेगळे वागतात. मोह कोणी घातला, मोहात कोण पडले आणि त्याची जबाबदारी कोणाची, हे या रचनांमधून ठरते. प्रस्तुत लेखात या रचनांचे विवेचन करून भाषांतर व अध्यापन यांच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व स्पष्ट केले आहे.

बीजशब्द : मोह, प्रतिकार, वाक्यरचना, कर्तृत्व, भाषांतर.

१. प्रस्तावना

मोह होणे आणि तो आवरणे हा अनुभव सार्वत्रिक आहे. मात्र तो सांगण्याची रीत प्रत्येक भाषेत वेगळी असते. मराठीत 'मला मोह आवरला नाही' असे म्हटले जाते. येथे क्रियापदाचे रूप 'मोह' या शब्दाप्रमाणे चालते आणि ज्याला मोह झाला ती व्यक्ती 'मला' या रूपात येते. म्हणजे मोह ही व्यक्तीच्या बाबतीत घडणारी गोष्ट ठरते. हाच आशय इंग्रजी व फ्रेंच भाषांत मांडताना वक्त्याला निराळी भूमिका घ्यावी लागते. या भाषा शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याची अडचण बहुधा शब्दसंग्रहाची नसून या भूमिकाबदलाची असते.

२. एका मूळ शब्दाच्या दोन वाटा

लॅटिनमधील 'तेम्प्तारे' किंवा 'तेन्तारे' या क्रियापदाचे अर्थ स्पर्श करून पाहणे, चाचपणे, पारखणे आणि प्रयत्न करणे असे होते. मोहात पाडणे म्हणजे एखाद्याला पारखून पाहणे, ही कल्पना त्यातूनच विकसित झाली. इंग्रजीत या अर्थांची विभागणी झाली. मोहासाठी 'टेम्प्ट' आणि प्रयत्नासाठी 'अटेम्प्ट' असे दोन शब्द रूढ झाले. जुना 'पारखणे' हा अर्थ 'टेम्प्ट फेट', म्हणजे नशिबाची परीक्षा पाहणे, यासारख्या वाक्प्रचारात शिल्लक आहे.

फ्रेंचमध्ये मात्र 'ताँते' हे एकच क्रियापद दोन्ही अर्थ वाहते. 'इल ताँत द पार्तीर' म्हणजे 'तो निघून जाण्याचा प्रयत्न करतो'. तर 'इल ए ताँते द पार्तीर' म्हणजे 'त्याला निघून जाण्याचा मोह होतो'. केवळ कर्तरी व कर्मणी या फरकाने अर्थ बदलतो. नामांमध्ये हा भेद स्पष्ट आहे : 'ताँतासियों' म्हणजे मोह, तर 'ताँतातीव' म्हणजे प्रयत्न. यांपैकी दुसऱ्या शब्दाशी साम्य असलेल्या इंग्रजी 'टेन्टेटिव्ह' या विशेषणाचा अर्थ मात्र तात्पुरता किंवा साशंक असा आहे. असे फसवे साम्य भाषांतरकाराला हमखास चकवते.

३. मोहाची अभिव्यक्ती

'आय अ‍ॅम टेम्प्टेड टू बाय इट' या इंग्रजी वाक्यात व्यक्ती कर्त्याच्या स्थानी असली, तरी रचना कर्मणी आहे. मोह घालणारा कोण, हे सांगण्याची आवश्यकता नसते. फ्रेंचमधील 'एत्र ताँते द' ही रचना याला समांतर आहे. दोन्ही भाषांत तिचा विद्वत्तापूर्ण लेखनातही उपयोग होतो. 'असे म्हणण्याचा मोह होतो' या मराठी शब्दयोजनेप्रमाणे ती विधानाची धार कमी करते.

फ्रेंच बोलीतील 'सा म ताँत' ही रचना मात्र वेगळी आहे. शब्दशः 'ते मला मोहवते' असा तिचा अर्थ असला, तरी व्यवहारात ती 'मला आवडेल' किंवा 'मला इच्छा आहे' इतकेच सुचवते. चित्रपटाला येण्याविषयी विचारलेल्या प्रश्नाला असे उत्तर मिळाले, तर त्यात नैतिक द्वंद्व शोधण्याचे कारण नाही.

'स लेसे ताँते' ही रचना विशेष लक्षणीय आहे. 'स्वतःला मोहात पडू देणे' हा तिचा अर्थ. येथे मोह बाहेरून येतो. पण त्याला वाट करून देणारी व्यक्ती स्वतःच असते. इंग्रजीत हा आशय 'गिव्ह इन टू', 'यील्ड टू' किंवा 'सक्कम टू' यांनी व्यक्त होतो. या प्रयोगांत शरणागतीची छटा आहे, अनुमतीची नाही. फ्रेंचमध्येही 'सेदे आ' व 'स्युकोंबे आ' हे शरणागतीदर्शक प्रयोग आहेतच. म्हणजे फ्रेंच वक्त्यापुढे अनुमती आणि शरणागती असे दोन पर्याय उपलब्ध असतात.

४. प्रतिकाराची अभिव्यक्ती

इंग्रजी 'रेझिस्ट' आणि फ्रेंच 'रेझिस्ते' यांच्या मुळाशी विरोधात उभे राहण्याची कल्पना आहे. तथापि व्याकरणात त्यांच्यात तीन भेद आढळतात.

पहिला भेद कर्माचा. इंग्रजीत 'रेझिस्ट'ला थेट कर्म लागते. 'टू' हे शब्दयोगी येत नाही. फ्रेंचमध्ये 'आ' अनिवार्य आहे. मराठीत आपण 'मोहाला विरोध करतो'. त्यामुळे विद्यार्थी इंग्रजीत अनावश्यक 'टू' घालण्याचा संभव असतो. इंग्रजीची सवय झाल्यावर तोच विद्यार्थी फ्रेंचमधील 'आ' गाळू शकतो.

दुसरा भेद प्रयोगाचा. थेट कर्म असल्यामुळे इंग्रजीत 'मोहाचा प्रतिकार केला गेला' अशी कर्मणी रचना होऊ शकते. फ्रेंचमध्ये या क्रियापदाची तशी रचना होत नाही. प्रतिकार करणाऱ्याचा उल्लेख करावा लागतो किंवा वाक्य 'ऑ' या अनिश्चित सर्वनामाने सुरू करावे लागते.

तिसरा भेद क्रियावाचक पदाचा. इंग्रजीत 'आय कुडन्ट रेझिस्ट बाइंग इट' असे म्हणता येते. फ्रेंचमध्ये 'रेझिस्ते आ' आणि पुढील क्रियापद यांच्यामध्ये 'आँव्ही' (इच्छा) किंवा 'ताँतासियों' असे नाम घालावे लागते. मराठीतही 'विकत घेण्याचा मोह आवरला नाही' असेच नाम मध्ये येते. या बाबतीत मराठी ही इंग्रजीपेक्षा फ्रेंचच्या जवळची आहे, आणि अध्यापकाला या साम्याचा थेट उपयोग करून घेता येतो.

हसू न आवरण्याचे उदाहरणही बोलके आहे. इंग्रजीत 'कुडन्ट हेल्प लाफिंग' म्हणतात. येथे 'हेल्प'चा अर्थ मदत नसून टाळणे असा आहे. फ्रेंचमधील 'साँपेशे द' म्हणजे स्वतःला रोखणे. मराठीत मात्र हसूच आवरत नाही.

५. जबाबदारीचा प्रश्न : एक उदाहरण

या रचनाभेदांचे गांभीर्य ख्रिस्ती धर्मातील प्रभूच्या प्रार्थनेच्या भाषांतरावरून लक्षात येते. 1966 पासून फ्रेंच कॅथलिक उपासनेत मोहासंबंधीच्या ओळीत 'सुमेत्र', म्हणजे अधीन करणे, हे क्रियापद होते. ईश्वरच माणसाला मोहाच्या अधीन करतो, असा अर्थ त्यातून निघू शकतो, हा त्यावरील आक्षेप होता. 3 डिसेंबर 2017 पासून फ्रान्समध्ये त्याऐवजी 'लेसे', म्हणजे होऊ देणे, या क्रियापदावर आधारलेला पाठ लागू झाला. इंग्रजी कॅथलिक प्रार्थनेत नेण्याचा अर्थ असलेले 'लीड' कायम राहिले. मूळ ग्रीक शब्द 'पेइरास्मोस' हा मोह आणि परीक्षा या दोन्ही अर्थांचा असल्याने प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा झाला. एका क्रियापदाच्या निवडीमुळे मोहाचे कर्तृत्व कोणाकडे जाते, हे येथे स्पष्ट दिसते.

६. निष्कर्ष

१) समान व्युत्पत्ती ही समान वापराची हमी नव्हे. २) 'टेम्प्ट', 'ताँते', 'रेझिस्ट' व 'रेझिस्ते' हे शब्द सुटे न शिकवता त्यांच्या पुढील शब्दयोगी व क्रियारूपांसह शिकवणे आवश्यक आहे. ३) मराठीतील रचना हा अडथळा न मानता तुलनेचा आधार मानल्यास काही फ्रेंच रचना सुलभ होतात. ४) भाषांतर करताना शब्दाला प्रतिशब्द शोधण्यापूर्वी मूळ वाक्याने मोहाची जबाबदारी कोणावर टाकली आहे, हे पाहणे इष्ट ठरते. ती जबाबदारी बदलल्यास शब्द अचूक असूनही भाषांतर चुकीचे होते.