रानझाडांची नोंदवही

कॅलिफोर्निया नेटिव्ह प्लँट सोसायटी ही अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या देशी वनस्पतींसाठी काम करणारी स्वयंसेवी संस्था १९६५ मध्ये स्थापन झाली. तिचे मुख्य कार्यालय राजधानी सॅक्रामेंटोत आहे, पण खरे काम चालते ते राज्यभर विखुरलेल्या तीसहून अधिक स्थानिक शाखांतून. बहुतेक शाखा एकेका जिल्ह्यापुरत्या किंवा दोन-तीन जिल्ह्यांपुरत्या आहेत आणि त्यांचा कारभार बिनपगारी कार्यकर्ते पाहतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाखेने आपल्याला ‘येर्बा बुएना’ म्हणवून घेतले आहे. पुदिन्याच्या कुळातल्या त्या सुगंधी वेलीवरूनच एके काळी त्या गावाचे नाव पडले होते. जमिनी विकत घेऊन कुंपण घालणे हा या संस्थेचा मार्ग नव्हे. तिच्या हातात एकच मोठे हत्यार राहिले आहे: दुर्मिळ वनस्पतींची काटेकोर, सतत सुधारत नेलेली यादी.

या यादीची गरज का पडली, हे तिथल्या निसर्गावरून कळते. कॅलिफोर्नियात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत जातो, म्हणजे आपल्या नेमके उलटे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पहिली सर येते, फेब्रुवारी ते मे हा फुलांचा मोसम, आणि जून लागेपर्यंत डोंगरावरचे गवत वाळून पिवळे पडलेले असते. त्यात समुद्रकिनारा, बर्फाच्छादित सिएरा नेवाडा आणि मोहावेचे वाळवंट एकाच राज्यात. काही टेकड्या सर्पेंटाइन खडकाच्या आहेत. या खडकाच्या मातीत मॅग्नेशियम आणि निकेल जास्त, कॅल्शियम कमी. सर्वसाधारण झाडे तिथे तगत नाहीत आणि जी तगतात ती बऱ्याचदा दुसरीकडे कुठेच सापडत नाहीत. राज्यात सुमारे ६,५०० प्रकारच्या देशी वनस्पती आहेत आणि त्यांतल्या जवळजवळ एक तृतीयांश प्रदेशनिष्ठ आहेत. एखादे फूल जगात एकाच टेकडीच्या माथ्यावर उगवते, हे तिथे नवल नाही. ती टेकडी सपाट केली, की ते फूल संपले.

संस्थेचा जन्म मात्र यादीतून नव्हे, भांडणातून झाला. बर्कलेच्या डोंगरातल्या टिल्डन उद्यानात जेम्स रूफ या हेकट पण झपाटलेल्या माणसाने १९४० पासून देशी वनस्पतींची बाग उभी केली होती. दहा एकरांची ही बाग राज्याच्या भौगोलिक विभागांनुसार लावलेली आहे: इकडे किनारा, तिकडे सिएरा, पलीकडे वाळवंट. साठच्या दशकात उद्यान विभागाच्या मनात ती दुसऱ्या जागी हलवायचे आले. पंचवीस वर्षे वाढलेली झाडे हलवायची म्हणजे बाग मोडायचीच. बागेचे चाहते एकत्र आले, त्यांनी विभागाच्या सभा गाजवल्या, बाग जागेवर राहिली. जमलेली मंडळी मग घरी गेली नाहीत. त्यांनी संस्था काढली.

लवकरच अध्यक्षपदी जी. लेडयार्ड स्टेबिन्स आले आणि ते १९७२ पर्यंत त्या पदावर राहिले. उत्क्रांतीच्या आधुनिक सिद्धान्तात वनस्पतींची बाजू मांडणारा हा शास्त्रज्ञ; त्यांचा १९५० मधला ‘व्हेरिएशन अँड इव्होल्यूशन इन प्लँट्स’ हा ग्रंथ या विषयातला आधारस्तंभ मानला जातो. असा माणूस हौशी मंडळींच्या सहली नेत असे, आणि त्याचा परिणाम संस्थेच्या स्वभावावर कायमचा झाला. भावनेपेक्षा नोंद मोठी, ही शिस्त तेव्हा लागली. १९६८ च्या सुमारास स्टेबिन्स यांनी दुर्मिळ वनस्पतींची कार्डे करायला घेतली. कोणती जात, कुठे नोंदली गेली, कधी, आता तिथे आहे का. जुनी हर्बेरियमची (वाळवलेल्या नमुन्यांची) पत्रके, तज्ज्ञांची पत्रे आणि सदस्यांची पायपीट यांतून ही कार्डे भरत गेली, आणि १९७४ मध्ये दुर्मिळ वनस्पतींची पहिली सूची छापून निघाली. पुढे तिच्या आवृत्त्या निघत राहिल्या. सहावी, २००१ ची, जाडजूड आवृत्ती छापील स्वरूपातली शेवटची. त्यानंतर सूची संगणकावर गेली. आज तिच्यात २,३०० हून अधिक नावे आहेत.

सूचीतली वर्गवारी समजून घेण्यासारखी आहे, कारण ‘दुर्मिळ’ हा शब्द एरवी फार सैल वापरला जातो. जी वनस्पती कॅलिफोर्नियातून नाहीशी झाली असावी आणि इतरत्रही दुर्मिळ किंवा नामशेष आहे ती ‘१-अ’. जी राज्यातही आणि राज्याबाहेरही धोक्यात आहे ती ‘१-ब’. कॅलिफोर्नियात विरळ किंवा संपलेली, पण इतरत्र बऱ्यापैकी आढळणारी जात दुसऱ्या वर्गात. तिसरा वर्ग प्रामाणिकपणाचा: जिच्याविषयी पुरेशी माहितीच नाही तिचा. चौथ्यात अशा जाती, ज्यांचा विस्तार मर्यादित आहे म्हणून नजर ठेवायची. याशिवाय धोका किती जवळ आला आहे हे दशांश चिन्हापुढच्या आकड्याने दाखवतात. एखाद्या जातीचा वर्ग बदलायचा तर राज्याच्या वन्यजीव खात्यातले तज्ज्ञ आणि बाहेरचे जाणकार यांच्यासमोर पुरावा मांडावा लागतो. वर्ग खालीही येतो. नव्या जागा सापडल्या म्हणून एखादे नाव यादीतून काढले जाते, आणि या काढण्यामुळेच उरलेल्या यादीला वजन येते.

ही यादी म्हणजे कायदा नाही. राज्य सरकारने कायद्याने संरक्षण दिलेल्या वनस्पती दोनशेहून थोड्या अधिक आहेत. संस्थेच्या यादीच्या दहाव्या हिश्शाइतक्या. तरीही यादीचा धाक आहे, तो १९७० च्या पर्यावरण गुणवत्ता कायद्यामुळे. कॅलिफोर्नियात सरकारी मंजुरी लागणाऱ्या मोठ्या प्रकल्पाचा परिणाम आधी तपासावा लागतो, आणि त्या तपासणीत सरकारी यादीत नसलेली, पण दुर्मिळ असल्याचे दाखवता येणारी जातही धरावी लागते. असे दाखवण्याचा सर्वात सोपा आधार म्हणजे ही सूची. म्हणून पहिल्या आणि दुसऱ्या वर्गातल्या वनस्पती जागेवर आहेत का हे पाहायला विकासकाला वनस्पतितज्ज्ञ नेमावा लागतो, तेही फुलांच्या मोसमात. हौशी लोकांच्या कार्डांनी राज्याच्या नियोजनात जागा मिळवली ती अशी.

काही वेळा प्रकरण न्यायालयातही जाते. सॅक्रामेंटोजवळच्या रँचो कॉर्डोव्हा शहराने मंजूर केलेल्या एका वसाहतीच्या जागेत पावसाळी डबकी होती. कठीण थरावर हिवाळ्यात पाणी साचते आणि वसंतात ते आटत जाताना काठाकाठाने फुलांची वर्तुळे उमटतात. कास पठारावर किंवा कोकणातल्या सड्यांवर पावसात साचणारी उथळ तळी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे दृश्य अनोळखी वाटणार नाही. संस्थेच्या दाव्यात अपील न्यायालयाने २००९ मध्ये पर्यावरण अहवालाविरुद्धचे आक्षेप फेटाळले; मात्र शहराने आपल्याच विकास आराखड्यातली, केंद्रीय वन्यजीव खात्याशी समन्वय साधण्याची अट पाळली नाही, हा मुद्दा मान्य केला. अशा लढायांत विजय बहुधा असाच, अर्धामुर्धा असतो.

शाखांचे रोजचे काम याहून शांत आहे. महिन्याला एखादे व्याख्यान, मोसमात सहली, शरद ऋतूत रोपांची विक्री. लागवड पहिल्या पावसाच्या तोंडावर करायची असल्याने ही विक्री ऑक्टोबरच्या आसपास होते. वसंतात अनेक ठिकाणी लोकांच्या घरच्या देशी बागा पाहायला खुल्या असतात. सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्वेकडची शाखा टिल्डन उद्यानात ‘नेटिव्ह हिअर’ नावाची रोपवाटिका चालवते. तिचा नियम कडक आहे: बी आणि काड्या आपल्याच दोन जिल्ह्यांतून गोळा केलेल्या. जात देशी असली तरी तीनशे मैलांवरचे वाण आणून लावले, तर स्थानिक वाणात त्याची भेसळ होते, असे यामागचे म्हणणे. आपल्याकडे ‘देशी झाडे लावा’ म्हणताना हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

रोपवाटिकांनी या चळवळीला एक धडाही शिकवला. २०१२ मध्ये माँटेरे जिल्ह्यातल्या एका रोपवाटिकेत मंकीफ्लॉवरच्या रोपांवर फायटॉप्थोरा टेंटाक्युलाटा हा मुळे कुजवणारा रोगजंतू आढळला. अमेरिकेतली ही त्याची पहिली नोंद. शोध घेतल्यावर फायटॉप्थोराच्या निरनिराळ्या जाती देशी रोपवाटिकांत आणि तिथून रोपे नेऊन लावलेल्या, ‘पूर्ववत’ केलेल्या जमिनींवरही निघाल्या. म्हणजे निसर्ग सावरायला नेलेल्या कुंडीतूनच रोग रानात पोहोचत होता. त्यानंतर अनेक रोपवाटिकांनी पद्धत बदलली: माती वाफेने तापवून घेणे, कुंड्या जमिनीपासून उंच मांडवावर ठेवणे, वापरलेल्या कुंड्या निर्जंतुक करणे, रोपे तपासूनच बाहेर सोडणे. काही ठिकाणी रोपे लावण्याऐवजी जागेवरच बी पेरण्याकडे कल वळला. रोपांची संख्या हे कामाचे माप धरणाऱ्या कुठल्याही वृक्षारोपण मोहिमेने हे प्रकरण वाचायला हवे.

तण काढणे हा शाखांचा आणखी एक नित्यनेम. फ्रेंच ब्रूम, पंपास गवत, यलो स्टार थिसल, किनाऱ्यावरचा आइस प्लँट अशा परक्या वनस्पती देशी झाडांची जागा घेतात. आपली ओळखीची निलगिरीही ऑस्ट्रेलियातून तिथे गेलेली. ब्रूमचे झुडूप मुळासकट उपटायला एक लांब दांड्याची, तरफेवर चालणारी पक्कड वापरतात. सुरुवात कुठून करायची याचे उत्तर सिडनीच्या जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींनी साठच्या दशकात देऊन ठेवले आहे: तण सर्वात दाट तिथून नव्हे, देशी झाडोरा सर्वात चांगला उरला आहे तिथून, आणि तिथून बाहेरच्या बाजूला सरकत जायचे. ही पद्धत कॅलिफोर्नियातही रुळली.

यादीमुळे शोधाला दिशा मिळते. माउंट डायब्लो बकव्हीट या नाजूक गुलाबी फुलाची शेवटची नोंद १९३६ ची होती आणि ते संपल्यात जमा होते. २००५ मध्ये बर्कलेच्या एका संशोधक विद्यार्थ्याला डायब्लो पर्वतावर त्याची मोजकी रोपे आढळली. २०१६ मध्ये जवळच्याच एका राखीव क्षेत्रात लाखो रोपांचा ताटवा सापडला. संस्थेने २०१० पासून ‘दुर्मिळ वनस्पती शोधमोहीम’ हा उपक्रमच सुरू केला. ज्या नोंदी जुन्या झाल्या त्या जागी स्वयंसेवक पुन्हा जातात. फूल सापडले नाही तर तीही नोंद करतात.

सर्वाधिक गाजलेली कथा मात्र फ्रान्सिस्कन मॅन्झनिटाची. जमिनीलगत पसरणारे हे झुडूप सॅन फ्रान्सिस्कोच्या सर्पेंटाइन टेकड्यांवरचे. लॉरेल हिल दफनभूमी सपाट झाली तेव्हा, १९४७ मध्ये, जेम्स रूफ यांनी तिथली रोपे काढून टिल्डनच्या बागेत आणली. रानातून ती जात नाहीशी झाली. ऑक्टोबर २००९ मध्ये गोल्डन गेट पुलाच्या दक्षिण टोकाला रस्त्याचे काम चालू असताना डॅनियल ग्लूसेनकॅम्प या परिसंस्थातज्ज्ञाला धावत्या मोटारीतून एक झुडूप दिसले. भोवतालची झाडी कामासाठी नुकतीच तोडली होती, म्हणून ते उघडे पडले. ते फ्रान्सिस्कन मॅन्झनिटाच निघाले, रानात उरलेले एकमेव. जानेवारी २०१० मध्ये कित्येक टन मातीच्या गड्ड्यासह ते प्रेसिडिओ उद्यानातल्या सुरक्षित जागी हलवले गेले, आणि २०१२ मध्ये केंद्र सरकारने त्या जातीला संकटग्रस्त ठरवले. ग्लूसेनकॅम्प पुढे याच संस्थेचे कार्यकारी संचालक झाले. एका झुडपावर एवढा खर्च कशाला, अशी टीका तेव्हा झाली. ती अगदी गैरलागू म्हणता येत नाही. त्याच पैशात एखादी अख्खी टेकडी कदाचित वाचली असती. पण रस्त्याचे काम जिथून जायचे तिथेच ते उभे होते आणि निवड करायला वेळ नव्हता.

धोके नव्या रूपांतही येतात. किनाऱ्यावरच्या कड्यांवर वाढणाऱ्या डडलेया या गुबगुबीत पानांच्या वनस्पती खणून पूर्व आशियाच्या बाजारात पाठवल्या जात असल्याचे गेल्या दशकात उघड झाले. जप्त झालेली हजारो रोपे पुन्हा कड्यांवर लावण्यात शाखांच्या स्वयंसेवकांचा हात होता. संस्थेने पाठपुरावा केला आणि २०२१ मध्ये या चोरीविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला. त्यात तुरुंगवास आणि जबर दंड दोन्ही आहेत.

एकेका जातीकडून अख्ख्या झाडोऱ्याकडे नजर वळवण्याचे कामही संस्थेने केले. १९९५ मध्ये निघालेल्या ‘मॅन्युअल ऑफ कॅलिफोर्निया व्हेजिटेशन’ या ग्रंथाने कुठल्या वनस्पती एकत्र वाढतात त्यानुसार राज्याच्या झाडोऱ्याची वर्गवारी केली. २००९ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. संस्थेचे नियतकालिक १९७३ मध्ये ‘फ्रिमाँटिया’ या नावाने निघू लागले.

मर्यादा उघड आहेत. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात संकटग्रस्त प्राण्याला खासगी जमिनीवरही संरक्षण आहे, वनस्पतीला सहसा नाही. राज्याच्या १९७७ च्या वनस्पती संरक्षण कायद्यात शेतीला सवलत आहे, आणि आपल्या जमिनीवर दुर्मिळ वनस्पती असल्याचे ज्याला कळवले आहे त्या जमीनमालकाने वापर बदलण्यापूर्वी दहा दिवस आधी खात्याला सूचना द्यायची, एवढीच अपेक्षा आहे. त्या दहा दिवसांत झाड काढून नेता आले तर न्यावे. स्वयंसेवकांवर चालणाऱ्या शाखांत कामाची गती माणसांवर अवलंबून राहते, आणि फुलांचे फोटो काढायला येणारे सगळेच तण उपटायला येत नाहीत. तरी पन्नास वर्षांहून अधिक काळ एकच यादी अद्ययावत ठेवणे ही कामगिरी लहान नाही. महाराष्ट्रात वनस्पतींची सूची करणारे अभ्यासक आहेत, देवराया राखणारी गावे आहेत. हौशी लोकांनी भरलेली आणि प्रकल्पाच्या मंजुरीत विचारात घ्यावीच लागेल अशी यादी मात्र अजून व्हायची आहे.

शाखांच्या बहुतेक सहली विनामूल्य असतात आणि सदस्य नसलेल्यांनाही येता येते. टिल्डनच्या बागेलाही प्रवेशशुल्क नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात किंवा सॅक्रामेंटोत राहणाऱ्या, अथवा मुलांकडे तिथे गेलेल्या मराठी मंडळींनी फेब्रुवारी ते मे या काळात एखादी सहल जरूर गाठावी.