ठोक्यांचें घड्याळ उघडण्यापूर्वीं

जुन्या घरांतील ठोक्यांचें घड्याळ थांबलें, कीं तें निष्प्राण झालें असें आपण समजतों. ही समजूत धोक्याची आहे. लंबक स्थिर असला तरी आंतील पोलादी कमान बहुधा गुंडाळलेलीच असते, आणि आठवडाभर चाकें फिरविणारें बळ तिच्यांत कोंडलेलें असतें. कोणी हौशी गृहस्थानें स्क्रू काढून पितळी पत्रे विलग केले, तर तें बळ एका क्षणांत सुटतें. दांते मोडतात, आणि बोट किंवा डोळा वाटेंत असेल तर त्याचीही धडगत नसते. आपल्या पूर्वजांचें तांब्याचें घटिकापात्र अहोरात्रांत 60 वेळां पाण्यांत बुडे. त्यांत अंगावर उसळून येणारें कांहीं नव्हतें!

सेलवरचीं घड्याळें घरोघर आल्यापासून ठोक्यांचें काम जाणणारे घड्याळजी विरळ झाले आहेत. भंडारा तर पितळी भांड्यांसाठीं नांवाजलेलें गांव. येथें धातूची पारख असलेल्या हातांस तोटा नाहीं. अशा चारसहा जणांनीं एखाद्या वृद्ध कारागिरापुढें बसून ही विद्या घ्यावी. पुस्तकावरून एकट्यानें मात्र घेऊं नये.

पहिला धडा कमान उतरविण्याचा. किल्ली घट्ट धरून किंचित भरावी, म्हणजे अडविणाऱ्या खिटीवरचा भार हलका होतो. मग खिटी उचलून किल्ली मुठींत हळूहळू उलट फिरूं द्यावी. नेहमीची पंखांची किल्ली निसटली तर बोटें झोडपून काढते. यास्तव गोल लांकडी मुठीची किल्ली हवी. पुष्कळशा जुन्या अमेरिकन घड्याळांत कमान डबींत नसून उघडी असते. ती उतरण्यापूर्वीं तिला लोखंडी कडी घालावी लागते.

कमानी दोन असतात, एक चालीची व दुसरी ठोक्यांची. नवशिका पहिली उतरवितो आणि दुसरी विसरतो. मंडळींत बसण्याचा खरा लाभ येथें कळतो : शेजाऱ्यानें दोन्ही कमानी पाहून होकार दिल्यावांचून स्क्रूला हात लावावयाचा नाहीं, असा नियमच असावा. ठोक्यांच्या कमानीस कामही थोडें नसतें. तासांचे 156 आणि अर्ध्या तासांचे 24, मिळून दिवसाचे 180 ठोके तिनें द्यावयाचे.

कधीं घड्याळ तीन दाखवितें आणि पांच ठोकतें. बहुधा तें बिघडलेलें नसतें. खांचांच्या चाकावर ठोके मोजणाऱ्या जुन्या घड्याळाचे कांटे ठोके पुरे होऊं न देतां घाईनें पुढें सारले, कीं मोजणी चुकते. 1676 च्या सुमारास एडवर्ड बार्लो या इंग्रज गृहस्थानें योजिलेल्या रचनेंत हा दोष राहिला नाहीं.

तेल घड्याळाचेंच, आणि तेंही सुईच्या अग्रानें, धुऱ्यांच्या टोकांशीं थेंबभर. घरांतलें खोबरेल सोडणारे पुष्कळ आहेत. तें पौषांतल्या थंडींत थिजतें, आणि घड्याळ पुन्हां थांबतें.