गहू बंद केला, तरी पोट का बिघडते?



गेल्या गाळप हंगामात गट ऑफिसात आमच्या एका सभासदांनी आपली अडचण सांगितली. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीची वाढ खुंटली होती, रक्तही कमी होते. डॉक्टरांनी तपासण्या करून सीलिअ‍ॅक रोगाचे निदान केले आणि गहू कायमचा बंद करायला सांगितला. तीन आठवडे चपाती बंद होती, तरी पोट फुगतच होते आणि मधूनच जुलाब होत होते. घरातली म्हातारी माणसं म्हणू लागली, "गहू सोडून काय मिळालं? पोर आणखी वाळली. द्या तिला चपाती." सभासदही डळमळले होते. असे प्रसंग इतर घरांतही येत असणार, म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. कणकेला चिकटपणा येतो तो यामुळेच. आतड्याच्या आतून मखमलीसारखी बारीक लव असते आणि अन्नातला कस ती शोषून घेते. या रोगात ग्लुटेन पोटात गेले की शरीर स्वतःच त्या लवेवर उलटते. लव झडते आणि खाल्लेले अंगी लागत नाही. हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय आधीपासूनच होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, आणि ही आजारी मुले उलट सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. १९५० साली डिके यांनी आपल्या प्रबंधात गव्हाचा हा दोष मांडला.

आता मूळ प्रश्न. गहू बंद केला म्हणजे लव दुसऱ्या दिवशी उगवत नाही. कुणाला थोड्या दिवसांत बरे वाटते, कुणाला काही आठवडे लागतात. आतडे पुरते भरून यायला महिने जातात, आणि मोठ्या माणसांत वर्षाहून अधिक काळही लागतो. तोवर पोट कुरकुर करणारच. पथ्य फुकट गेले, असा त्याचा अर्थ नव्हे.

या काळात तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट दुधाची. दुधातली साखर पचवणारे द्रव्य त्या लवेतच तयार होते. लव झडलेली असताना दूध प्यायले की वारा धरतो, जुलाब होतात. आपण मात्र पोर अशक्त म्हणून तिला दिवसातून तीनदा पेलाभर दूध देतो! काही आठवडे दूध कमी करावे. थोडे ताजे दही किंवा ताक बहुधा सोसते. लव सुधारली की दूधही पुन्हा पचू लागते.

दुसरी गोष्ट जेवणाची. चपातीच्या जागी एकदम तीन-तीन भाकऱ्या खाल्ल्या तर नाजूक पोटाला कोंडा झेपत नाही. सुरुवातीला तांदळाची पेज, मऊ भात, मुगाच्या डाळीची खिचडी, उकडलेला बटाटा, पिकलेले केळे द्यावे. थोडे थोडे, पण चार-पाच वेळा. मग अर्धी भाकरी वरणात कुस्करून द्यावी आणि हळूहळू वाढवत जावे. ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, तांदूळ, वरई, राजगिरा यांत ग्लुटेन नाही. कृष्णाकाठचा खपली मात्र गहूच आहे. तो 'पचायला हलका' म्हणून या रोग्याला देऊ नये.

जुलाब होत असतील तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून ते घोट-घोट पाजावे. साखर आपल्याच कारखान्याची असली तरी मापापेक्षा जास्त घालू नये, त्याने जुलाब वाढतात. आरोग्य केंद्रातली पुडी मिळाली तर ती अधिक बरी.

तिसरी गोष्ट चोरट्या गव्हाची. डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा मैदा असतो. मेतकुटात गहू असतो, थालीपिठाच्या भाजणीतही बहुधा असतोच. रवा, शेवया, बिस्किटे, टोस्ट हे तर उघडच आहे. आणि गिरणी! गव्हावर ज्वारी दळली की गव्हाचे पीठ आपल्या डब्यात आलेच. म्हणून धान्य घरीच निवडावे आणि वेगळ्या ठेवलेल्या जात्यावर किंवा घरघंटीवर दळावे. परात, चाळण, पोळपाटही वेगळे ठेवावेत. विकतच्या पुड्यावर 'ग्लुटेनमुक्त' असे छापलेले पाहूनच घ्यावे. कायद्याने अशा मालात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही.

"प्रसादाचा एवढासा शिरा, त्यानं काय होतंय?" असा आग्रह होतोच. पण एवढाशानेही आतडे पुन्हा दुखावते, मग बाहेरून काही दिसो वा न दिसो. तांदळाच्या रव्याचा शिरा केला तर सगळ्यांना एकच प्रसाद घेता येतो.

एक इशारा. नुसत्या संशयावरून गहू आपणहून सोडू नये. गहू खाणे चालू असतानाच रक्ताची आणि आतड्याची तपासणी खरी उतरते. निदान झाले तर भावंडांची आणि आई-वडिलांचीही तपासणी करून घ्यावी. शौचात रक्त, ताप, न थांबणारी उलटी, लघवी कमी होणे किंवा मूल मलूल पडणे यांपैकी काही दिसले तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठावा. आणि नीट पथ्य पाळूनही त्रास हटत नसेल तर पुन्हा डॉक्टरांना दाखवावे.

त्या सभासदांच्या घरी शोध घेतला तेव्हा हिंगाची डबी, गिरणीचे पीठ आणि तीन वेळचे दूध, तिन्ही सापडली. ती बदलल्यावर दोनेक महिन्यांत पोरीचे पोट बसले. परवा ते आले तेव्हा सांगत होते, गेल्या वर्षीचा फ्रॉक आता तिला आखूड होतो.

ज्यांच्या घरी असा रुग्ण असेल त्यांनी हे पान कापून स्वयंपाकघरात लावावे आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावे, ही विनंती.