एक ओळख, अनेक दारे : अनेक ॲपसाठी सामायिक प्रवेश व नोंदणी व्यवस्थेची रचना

प्रस्तावना

संगणक आणि मोबाईल यांच्या प्रसारामुळे शिक्षण, बँक व्यवहार, शासकीय कामकाज, प्रवास व खरेदी अशा जीवनाच्या बहुतेक क्षेत्रांत ॲपचा वापर अपरिहार्य झाला आहे. प्रत्येक ॲप वापरकर्त्यास प्रथम एकच प्रश्न विचारते : आपण कोण? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक ठिकाणी नव्याने द्यावे लागते, आणि तेथूनच अनेक खाती व अनेक पासवर्ड यांचा गुंता सुरू होतो. मायक्रोसॉफ्ट रिसर्च या संस्थेतील फ्लोरेन्सिओ व हर्ली यांनी सुमारे पाच लाख वापरकर्त्यांच्या सवयींचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. एका व्यक्तीची पासवर्ड लागणारी खाती सरासरी २५, परंतु तिचे निरनिराळे पासवर्ड सरासरी साडेसहाच, असे त्यात आढळले. याचा सरळ अर्थ असा की, एकच पासवर्ड अनेक ठिकाणी वापरला जातो आणि एका ठिकाणी तो उघड झाला की इतर दारेही आपोआप उघडतात.

महाराष्ट्रातील महाविद्यालयीन विद्यार्थ्याची स्थिती याहून वेगळी नाही. प्रवेशप्रक्रिया, विद्यापीठाचे परीक्षा संकेतस्थळ, शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी, कागदपत्रांसाठी डिजिलॉकर, अभ्यासक्रमांसाठी स्वयम् अशा अनेक ठिकाणी त्याला आपली ओळख पटवावी लागते. यावरील उपाय म्हणून सामायिक प्रवेशाची कल्पना पुढे आली. प्रस्तुत लेखात या कल्पनेचे स्वरूप, विकास आणि कार्यपद्धती स्पष्ट करून तिच्या रचनेत कोणते प्रश्न काळजीपूर्वक सोडवावे लागतात, याचा विचार केला आहे.

संकल्पना : ओळख आणि अधिकार

सामायिक प्रवेश म्हणजे एकदा ओळख पटवून अनेक ॲपमध्ये प्रवेश मिळवण्याची व्यवस्था. ती समजून घेताना दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. ‘ही व्यक्ती कोण?’ हा ओळखीचा प्रश्न आहे, तर ‘या व्यक्तीस येथे काय करता येईल?’ हा अधिकाराचा प्रश्न आहे. महाविद्यालयाचे ओळखपत्र दाखवून विद्यार्थी ग्रंथालयात, प्रयोगशाळेत आणि परीक्षागृहात जातो. ओळखपत्र एकच असले तरी किती पुस्तके द्यायची हे ग्रंथपाल ठरवतात आणि परीक्षेस बसू द्यायचे की नाही हे परीक्षा विभाग ठरवतो. सामायिक प्रवेशातही ओळख पटवण्याचे काम एका ठिकाणी सोपवले जाते. अधिकार ठरवण्याचे काम मात्र ज्या त्या ॲपकडेच राहते. ओळख पटवणाऱ्या यंत्रणेस या लेखात ‘ओळखदाता’ असे म्हटले आहे.

ऐतिहासिक विकास

या विचाराची मुळे मोबाईलच्या काळाच्या बरीच आधीची आहेत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९८३ साली ‘प्रोजेक्ट अथेना’ सुरू झाला. विद्यार्थ्यांनी परिसरातील कोणत्याही संगणकावर बसून आपले काम करावे, हा त्याचा उद्देश होता. त्यासाठी ‘कर्बरॉस’ ही पद्धती विकसित झाली. नीडहॅम व श्रोडर यांनी १९७८ साली मांडलेल्या तत्त्वांवर ती आधारलेली होती. विद्यार्थी एकदा पासवर्ड देई; त्यानंतर प्रत्येक सेवेसाठी त्याला ठरावीक काळानंतर बाद होणारे ‘तिकीट’ मिळे. पासवर्ड जाळ्यावरून पाठवावा लागत नसे. एकदा ओळख पटवावी आणि पुढे मुदतबंद तिकिटावर काम चालवावे, हे तत्त्व आजही या क्षेत्राचा पाया आहे.

इंटरनेटचा प्रसार झाल्यावर १९९९ साली मायक्रोसॉफ्टने ‘पासपोर्ट’ ही सेवा आणली. निरनिराळ्या कंपन्यांच्या संकेतस्थळांवर एकाच खात्याने प्रवेश मिळावा, अशी तिची कल्पना होती. परंतु सर्वांच्या ग्राहकांची ओळख एकाच कंपनीच्या हाती जावी, हे इतरांना रुचले नाही. ईबेने २००५ च्या आरंभी ती सेवा सोडली. दरम्यान २००२ साली ‘सॅमल’ हे खुले मानक आले आणि त्याची दुसरी आवृत्ती २००५ साली प्रसिद्ध झाली. विद्यापीठांमध्ये ‘शिबोलेथ’ या प्रणालीमुळे त्याचा मोठा प्रसार झाला. पुढे २०१२ साली ‘ओऑथ २.०’ आणि २०१४ साली ‘ओपनआयडी कनेक्ट’ ही मानके आली. त्यांपैकी पहिले अधिकार सोपवण्यासाठी, तर दुसरे ओळख कळवण्यासाठी आहे. आज ‘गूगलने प्रवेश करा’ अशा प्रकारच्या बटणांमागे मुख्यतः हीच मानके काम करतात.

कार्यपद्धती

वापरकर्त्याने ॲपमध्ये प्रवेशाचे बटण दाबले की ॲप त्याला ओळखदात्याच्या पानावर पाठवते. तेथे तो पासवर्ड, ओटीपी किंवा बोटाचा ठसा देऊन ओळख पटवतो. ओळखदाता त्याला एक अल्पजीवी संकेत देऊन परत ॲपकडे पाठवतो. ॲपचा सर्व्हर तो संकेत ओळखदात्यास सादर करतो व त्याच्या बदल्यात स्वाक्षरीयुक्त टोकन मिळवतो. ते कोणी दिले, कोणाविषयी दिले, कोणत्या ॲपसाठी दिले आणि ते केव्हा बाद होईल, या चार गोष्टी त्या टोकनात नोंदलेल्या असतात. या संपूर्ण प्रवासात पासवर्ड ॲपच्या हाती लागत नाही.

दुसऱ्या ॲपमध्ये जाताना तोच वापरकर्ता पुन्हा ओळखदात्याच्या पानावर पोहोचतो. परंतु ब्राउझरमध्ये त्याची आधीची नोंद असल्याने पासवर्ड न विचारताच त्याला पुढे पाठवले जाते. म्हणूनच मोबाईल ॲपने प्रवेशाचे पान स्वतःच्या आतील चौकटीत न दाखवता फोनच्या ब्राउझरमार्फत दाखवावे, अशी शिफारस २०१७ साली मानकांत करण्यात आली. ॲपच्या आतील चौकटीत लिहिलेला पासवर्ड ते ॲप वाचू शकते. शिवाय त्या चौकटीस ब्राउझरमधील नोंद मिळत नाही आणि सामायिक प्रवेशाचा हेतूच विफल होतो.

रचनेतील कळीचे प्रश्न

वरील तांत्रिक भाग आता बऱ्यापैकी प्रमाणित झाला आहे. व्यवस्थेची खरी परीक्षा पुढील चार प्रसंगी होते.

अ) नोंदणी : पहिल्याच भेटीत नाव, पत्ता, जन्मतारीख, मोबाईल क्रमांक असे सर्व काही मागणे ही सर्वत्र आढळणारी चूक आहे. सामायिक व्यवस्थेत सर्वांना लागणारी किमान माहिती ओळखदात्याकडे असावी आणि विशिष्ट माहिती ज्या त्या ॲपने गरज पडेल तेव्हाच विचारावी. शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला लागतो. ग्रंथालयास तो लागत नाही. प्रवेशाच्या पानावर अनेक ओळखदात्यांची बटणे ओळीने मांडल्यास वेगळीच अडचण निर्माण होते. मागील वेळी आपण कोणते बटण दाबले होते, हे वापरकर्त्यास आठवत नाही आणि नकळत त्याचे दुसरे खाते तयार होते.

आ) खात्यांची जुळवणी : जुनी खाती असलेली ॲप एकत्र आणताना ‘या दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत काय?’ हा प्रश्न उभा राहतो. केवळ नावावरून तो सुटत नाही. मराठी समाजात आडनाव प्रथम लिहिण्याची, मधल्या जागी वडिलांचे किंवा पतीचे नाव लिहिण्याची पद्धत आहे. विवाहानंतर अनेक स्त्रियांचे नाव बदलते. आणि एकच नाव रोमन लिपीत तीन-चार प्रकारे लिहिले जाते. ईमेल व मोबाईल क्रमांकही कायमचे नसतात. ओपनआयडी कनेक्टच्या मानकात ईमेल ही कायमस्वरूपी ओळख मानू नये, असे स्पष्टपणे सांगितले आहे. ओळखदात्याचे नाव आणि त्याने दिलेला, पुन्हा कोणास न दिला जाणारा क्रमांक, या जोडीवरच विसंबावे, असा त्याचा दंडक आहे. भारतात बंद झालेला मोबाईल क्रमांक किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकास देता येतो. तो क्रमांक म्हणजेच व्यक्ती असे मानणारी व्यवस्था एखाद्या दिवशी अनोळखी माणसास कोणाच्या तरी गुणपत्रिकेपर्यंत नेऊ शकते. दोन खाती जोडण्यापूर्वी दोन्ही खात्यांवरील ताबा सिद्ध करून घेणे, हाच सुरक्षित मार्ग होय.

इ) बाहेर पडणे : प्रवेश एकाच ठिकाणी होत असला तरी बाहेर पडण्याची ठिकाणे अनेक असतात. महाविद्यालयाच्या संगणक कक्षात विद्यार्थी एका ॲपमधून बाहेर पडतो, परंतु ओळखदात्याकडील त्याची नोंद तशीच राहते. पुढचा विद्यार्थी त्याच संगणकावर बसून पहिल्याच्या खात्यात सहज शिरू शकतो. म्हणून ‘फक्त या ॲपमधून बाहेर’ आणि ‘सर्व ठिकाणांहून बाहेर’ हे दोन पर्याय स्पष्ट शब्दांत वेगळे दाखवणे आवश्यक ठरते. दिलेली टोकने तातडीने रद्द करण्याची सोयही तितकीच महत्त्वाची आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये फेसबुकच्या एका सुविधेतील दोषामुळे प्रवेशाची टोकने चोरीस गेल्याचे उघड झाले. तेव्हा कंपनीने सुमारे नऊ कोटी खात्यांची टोकने रद्द करून त्या वापरकर्त्यांना पुन्हा प्रवेश करावयास लावले. पुढे चोरीस गेलेल्या टोकनांची संख्या सुमारे तीन कोटी असल्याचे कंपनीने सांगितले. त्याच खात्याने इतर अनेक ॲपमध्येही प्रवेश मिळत असल्याने या घटनेची चिंता एका संकेतस्थळापुरती राहिली नाही.

ई) किल्ली हरवणे : सामायिक प्रवेशात एक किल्ली हरवली की सर्व दारे एकदम बंद होतात. ग्रामीण भागातील एखादी विद्यार्थिनी प्रवेशाच्या वेळी वडिलांचा, भावाचा किंवा अर्ज भरून देणाऱ्या केंद्रचालकाचा मोबाईल क्रमांक नोंदवते. तीन वर्षांनी तो क्रमांक बंद पडला किंवा तिच्या हाती राहिला नाही, तर परीक्षा अर्ज, शिष्यवृत्ती आणि पदवी प्रमाणपत्र ही सर्वच तिच्या आवाक्याबाहेर जातात. पूर्वी स्वतंत्र खाती असताना एक बिघडले तरी दुसरे चालू असे. म्हणून खाते परत मिळवण्याचे किमान दोन मार्ग असावेत आणि त्यांपैकी एक तरी मोबाईल क्रमांकावर अवलंबून नसावा. महाविद्यालयाच्या कार्यालयात मूळ कागदपत्रे पाहून अधिकृत व्यक्तीने खाते पुन्हा सुरू करून देणे, हा मार्ग जुना वाटला तरी अनेकदा तोच सर्वाधिक विश्वासार्ह ठरतो. अशा प्रत्येक दुरुस्तीची नोंद ठेवणे मात्र अनिवार्य आहे, कारण हाच मार्ग फसवणुकीसाठीही वापरला जाऊ शकतो.

संमती आणि खासगीपणा

सर्व ॲपचा प्रवेश एकाच ठिकाणाहून होऊ लागला की कोण, केव्हा, कोणत्या ॲपमध्ये गेले याची नोंदही एकाच ठिकाणी साठते. ॲपलाही एकमेकांकडील माहिती जोडून पाहता येऊ नये, म्हणून ओपनआयडी कनेक्टमध्ये प्रत्येक ॲपला त्याच व्यक्तीचा वेगळा क्रमांक देण्याची सोय आहे. गूगलने १ मार्च २०१२ पासून आपल्या विविध सेवांची खासगीपणाविषयक धोरणे एकत्र केली, तेव्हा फ्रान्सच्या माहिती संरक्षण यंत्रणेने त्यावर आक्षेप घेऊन जानेवारी २०१४ मध्ये दीड लाख युरोंचा दंड केला. वापरकर्त्यास पुरेशी माहिती दिली नाही, हा त्यातील एक प्रमुख मुद्दा होता. भारतातही २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने संमती ही मुक्त, विशिष्ट व स्पष्ट असावी, असे तत्त्व स्वीकारले आहे. खाते एक झाले म्हणून संमतीही एकच, असे मानता येणार नाही.

भारतीय उच्च शिक्षणाचा संदर्भ

गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राने उभारलेली ‘इन्फेड’ ही व्यवस्था शिबोलेथवर आधारित आहे. प्राध्यापक आपल्या संस्थेने दिलेल्या खात्याने प्रवेश करून परिसराबाहेरूनही वर्गणीच्या नियतकालिकांपर्यंत पोहोचू शकतो. ओळख संस्था पटवते आणि वाचनाचा अधिकार प्रकाशक देतो. केंद्र शासनाने जुलै २०२२ मध्ये ‘मेरी पहचान’ ही राष्ट्रीय सामायिक प्रवेश सेवा सुरू केली. डिजिलॉकर, ई-प्रमाण आणि जन परिचय यांच्यामार्फत तिच्यातून अनेक शासकीय सेवांत प्रवेश घेता येतो. पहिल्या व्यवस्थेत संस्था आपल्या सदस्यास ओळखते, तर दुसरीत शासन नागरिकास ओळखते. निवृत्त झालेल्या प्राध्यापकाचा किंवा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याचा संस्थात्मक प्रवेश वेळेवर बंद व्हावा लागतो. नागरिक म्हणून असलेला त्याचा प्रवेश मात्र आजन्म टिकावा लागतो. या दोन ओळखींची गल्लत झाल्यास एक तर अनधिकृत व्यक्ती आत राहते किंवा हक्काची व्यक्ती बाहेर पडते.

निष्कर्ष

सामायिक प्रवेशामुळे पासवर्डचे ओझे कमी होते, ॲपच्या हाती पासवर्ड जात नाही आणि सुरक्षिततेचे उपाय एका ठिकाणी काटेकोरपणे राबवता येतात. परंतु त्याचबरोबर विश्वास आणि धोका हे दोन्हीही एका ठिकाणी केंद्रित होतात. त्यामुळे अशा व्यवस्थेचे मूल्यमापन केवळ प्रवेश किती जलद होतो यावरून करता येणार नाही. नोंदणीच्या वेळी किती माहिती मागितली, खाती जोडताना खात्री कशी केली, बाहेर पडलेला माणूस खरोखर बाहेर पडला काय आणि किल्ली हरवलेल्यास ती परत कशी मिळाली, हे चार निकष त्यासाठी लावावे लागतील. महाविद्यालये व विद्यापीठे अशा प्रणाली विकत घेताना वा तयार करून घेताना हे प्रश्न करार करण्यापूर्वी विचारतील, तर फोन हरवलेल्या विद्यार्थिनीची पदवी तिच्या आवाक्यात राहील.