पाळणा थांबला, पण कोणी थांबवला?

माझ्या आजीला नऊ लेकरे झाली. त्यांतली पाच जगली. आईला आम्ही तिघे : दोघी बहिणी आणि शेवटी भाऊ. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. घरात नऊ तोंडे असती, तर ही पायरी मला दिसलीही नसती. म्हणून जन्मदर घटला हे वाचून मला आनंद होतो. पण तो निर्भेळ नाही.

प्रथम आकडा समजून घेऊ. एका स्त्रीला आयुष्यात सरासरी किती मुले होतात, याला एकूण प्रजनन दर म्हणतात. तो २.१ असला की एक पिढी आपल्या जागी तेवढीच पिढी ठेवून जाते. दोघांच्या जागी दोन, हे ठीक, वरचा ०.१ कशाला? कारण मुली मुलांपेक्षा थोड्या कमी जन्मतात आणि काही आई होण्याआधीच दगावतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्राचा हा दर १९९२-९३ साली २.९ होता, २०१९-२१ मध्ये तो १.७ झाला.

हे घडले कसे? र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, आणि या कार्यापायी त्यांना नोकरी गमवावी लागली. पुढे लाल त्रिकोण खेड्यांच्या भिंतींवरही आला. लसींमुळे लेकरे जगू लागली, मुली शाळेत जाऊ लागल्या, शिक्षण महागले. मुंबई-पुण्याची ही हवा आमच्या बीड जिल्ह्यातही पोहोचली.

पण इथे तिला वेगळे वळण लागले. कुटुंब लहान हवे आणि मुलगा तर हवाच, या दोन इच्छा एकत्र आल्या की कात्री मुलीवर चालते. पूर्वी मुलाची वाट पाहता पाहता चार मुली होत. आता वाट पाहायला जागा उरली नाही, आणि सोनोग्राफी हाताशी आली. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली आणि देशाने १९९४ साली कायदा केला. तरीही सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे आमच्या जिल्ह्यात २००१ साली ८९४ मुली होत्या, त्या २०११ च्या जनगणनेत ८०७ वर आल्या. राज्यातला हा सर्वांत कमी आकडा होता.

दुसरी गोष्ट उसाच्या फडातली. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल अंगावर. खाडा पडला की दंड. माझी मावशी पोटदुखीसाठी दवाखान्यात गेली, तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती. "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल," असे तिला सांगण्यात आले. आज पस्तिशीतच तिची कंबर धरली आहे. २०१९ साली शासनाच्या समितीने बीडमधल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांत १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. मावशीला मुले आधीच झाली होती; तिच्यामुळे जन्मदर बदलला नसेल. पण निर्णय तिचा होता काय?

भाऊ झाल्यावर आईने ऑपरेशन केले. आम्हा दोघींवर थांबली असतीस का, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, "मला कुणी इचारलं व्हतं?"

आजीच्या नऊ बाळंतपणांनाही कोणी तिला विचारले नव्हते. आकडा उतरला, पण विचारणे सुरू झाले नाही. मैत्रिणींनो, आपल्याला उद्या कोणी विचारील याची वाट पाहू नका. आपणच सांगायला शिकू या. आणि मित्रांनो, तुम्ही ऐकायला शिका.