कधीच न जन्मलेली बाई

जन्मदर घसरल्याची बातमी आली की तिच्यासोबत दक्षिण कोरियातले रिकामे पाळणे येतात, जपानमधले एकटे राहणारे तरुण येतात आणि शेवटी ‘भारतही त्याच वाटेवर’ हे वाक्य येतं. जबलपुरातल्या मराठी घरांतही मग विषय निघतो: हल्लीच्या पोरांना लग्नच नकोय! पण मध्य प्रदेशातला आकडा खरंच त्यामुळे उतरला का?

आधी आकडा पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ मध्ये मध्य प्रदेशचा एकूण जननदर ३.१ होता. २०१९-२१ च्या फेरीत तो २.० झाला. पंधरा वर्षांत बाईमागे एक अख्खं मूल कमी!

हे मोजतात कसं? पाहणी करणारी बाई दारात येते, घरातल्या बायकांशी बोलायला बसते आणि प्रत्येक बाळंतपण विचारते: महिना कोणता, साल कोणतं, मूल हयात आहे का. मग गेल्या तीन वर्षांतले जन्म आईच्या वयानुसार सात रकान्यांत पडतात. १५ ते १९, २० ते २४, असं करत ४५ ते ४९ पर्यंत. प्रत्येक रकान्याचा वर्षाचा दर काढायचा, पाचानं गुणायचा आणि साती गुणाकारांची बेरीज करायची.

म्हणजे काय केलं, लक्षात आलं? एक बाई कल्पिली. ती सतराव्या वर्षी आजच्या सतरा वर्षांच्या मुलीसारखी जगते आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी आजच्याच सत्तेचाळीस वर्षांच्या बाईसारखी. अशी बाई कधी जन्मलीच नाही, आणि देशोदेशीची धोरणं तिच्या मुलांवर ठरतात!

आता खरी गंमत. त्या बेरजेमागचे रकाने उघडून बघा.

कोरियाचा दर २०२३ मध्ये ०.७२ होता. तिथले सुरुवातीचे रकाने जवळजवळ ओस. पहिलं मूल होतं तेच तेहतिशीच्या आसपास. लग्नाबाहेर मुलं फार थोडी होतात, त्यामुळे लग्न लांबलं की पाळणाही लांबतो.

मध्य प्रदेशात उलटं चित्र. लग्न बहुतेक सगळ्यांचंच होतं, तेही लवकर. दुसरा-तिसरा रकाना भरलेला असतो आणि पुढे आकडे झपाट्यानं खाली येतात. कारण ऑपरेशन. राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी जवळपास निम्म्यांची नसबंदी झालेली आहे. देशभरात हे ऑपरेशन होतं तेव्हा बाईचं वय साधारण पंचविशी-सव्विशीचं असतं. जबलपूरच्या एल्गिन रुग्णालयात असो की कुंडम-सिहोऱ्याकडच्या आरोग्य केंद्रात, सव्विशीतच ‘आता बस’ म्हणणारी बाई तिथे नवलाची नाही. संसार तर तिचा चालूच असतो. पाळणा तेवढा थांबतो.

दोरी या टोकानं कापा की त्या टोकानं, ती आखूड होतेच. कोरियात सुरुवात पुढे सरकली, इथे शेवट अलीकडे आला. मथळ्यात मात्र दोन्हींना एकच शब्द: घसरण.

आणि एक गोष्ट मला फार खटकते. पुरुषाची नसबंदी कितीतरी सोपी, पोट उघडावं लागत नाही. तरी देशात शंभर विवाहित बायकांत एकीच्याही नवऱ्यानं ती करून घेतलेली नसते. ही एवढी मोठी घसरण बायकांनी आपल्या अंगावर घेतलेली आहे आणि बातमीत त्याचा उल्लेखही नसतो.

पुढे काय होईल? समजा, जबलपूरच्या मुली शिकायला, नोकरीला लागल्या आणि लग्नं चार-पाच वर्षं उशिरा होऊ लागली. प्रत्येकीला दोन मुलं व्हायचीच आहेत, फक्त नंतर. तरीही मधली काही वर्षं सुरुवातीचे रकाने रिकामे पडतील, पुढचे अजून भरलेले नसतील आणि राज्याचा दर दोनाच्या बराच खाली दिसेल. एकीच्याही घरात मूल कमी न होता!