भाला सोडावा की धरावा?

जर्मनीतल्या शोनिंगनजवळच्या कोळशाच्या खाणीत १९९४ पासून हार्टमुट थीमे यांच्या पथकाला लाकडी भाले सापडत गेले. सोबत घोड्यांची ढीगभर हाडे. या भाल्यांचे वय आधी तीन लाख वर्षे धरले जाई. ताज्या तपासणीने ते दोन लाखांवर आणले आहे. तरीही कारागिरी पाहून आजचा सुतार मान डोलावेल. बहुतेक भाले स्प्रूसच्या बारीक खोडांचे आहेत. टोक काढले ते बुंध्याकडून, कारण लाकूड तिथेच सर्वांत टणक. आणि तेही मऊ गाभा चुकवून, जरासे एका बाजूला.

अभ्यासकांचा वाद मात्र वेगळाच होता. हे भाले फेकायचे की भोसकायचे? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांच्या प्रतिकृती तयारीच्या भालाफेकपटूंच्या हाती दिल्या, तेव्हा वीस मीटरवरचे लक्ष्यही त्यांनी टिपले. वाद मिटला असे नाही, पण ‘जड आहेत, फेकता येणार नाहीत’ हा आक्षेप ढिला पडला.

भाल्याची खरी अडचण इथेच आहे. सोडला तर हात रिकामा. धरला तर जनावराच्या सुळ्यांपर्यंत जावे लागते. युरोपात रानडुकराच्या भाल्याला पात्याखाली आडवी पट्टी असे. डुक्कर भाला आरपार घुसला तरी थांबत नाही, दांड्यावरून शिकाऱ्याकडे सरकत येते, म्हणून ही सोय.

मासेमारीत हा पेच आणखी वाढतो, कारण नुसता नेम पुरत नाही. प्रकाश वाकल्यामुळे पाण्यातला मासा असतो त्यापेक्षा वर दिसतो. म्हणून भाला दिसणाऱ्या माशाच्या खाली मारावा लागतो. शिवाय लागलेला मासा सुटता कामा नये. काँगोतल्या कटांडा येथे सुमारे नव्वद हजार वर्षांपूर्वीची हाडांची दातेरी टोके मिळाली, आणि त्यांच्यासोबत मोठ्या कॅटफिशचे अवशेष. उलटे दाते मासा धरून ठेवतात, इतके त्या मंडळींना पक्के ठाऊक होते.

सील आणि देवमासा यांच्यापुढे दातेही अपुरे पडतात. आर्क्टिकच्या इन्युइट शिकाऱ्यांनी हार्पूनचे टोक दांड्यावर सैल बसवले आणि त्याला दोरी बांधली. ताण आला की ते टोक कातडीखाली आडवे फिरते. ओढ जितकी जोरात, तितकी पकड घट्ट. हीच युक्ती अमेरिकेतल्या न्यू बेडफर्डचा लोहार लुईस टेंपल याने १८४८ मध्ये लोखंडात उतरवली. टेंपल गुलामगिरीत जन्मलेला. देवमाशांच्या धंद्याने त्याचे हार्पून भराभर उचलले, पण त्याने पेटंट घेतले नव्हते. पैसा दुसऱ्यांनी केला.

मराठ्यांचा विटा याच दोरीच्या कल्पनेचा रणांगणावरचा भाऊ. भाल्याच्या मागच्या टोकाला दोरी, दोरीचे दुसरे टोक विटेकऱ्याच्या हाती. फेकायचा, घाव घालायचा आणि परत ओढून घ्यायचा. सोडणे आणि धरणे एकाच हत्यारात बसवण्याची ही हुशारी घोडदळालाच सुचावी, कारण घोड्यावरून उतरून भाला उचलत बसायला लढाईत सवड कोणाला?

इतरांनी मात्र एक बाजू निवडली. रोमन पिलमचा पुढचा लोखंडी दांडा लांब आणि बारीक. ढालीत रुतला की ती ढाल बाळगणे कठीण होई. फेकलेले शस्त्र हातचे गेले याचे रोमनांना दुःख नव्हते, तलवार होतीच. झुलूंच्या शाकाने उलट केले. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने आखूड दांड्याचा, रुंद पात्याचा भाला रुळवला. तो फेकायचा नाही, शत्रूला भिडायचे.

भाल्याच्या दांड्याबाबत हिंदुस्थानचे ऋण इंग्रजांनाही घ्यावे लागले. १८६८ च्या ब्रिटिश लान्सला ॲश लाकडाऐवजी भरीव बांबू आला. आपल्याकडे मानवेल म्हणतात तो हाच. हलका आणि चिवट, शिवाय सहजी न मोडणारा.

आता भाला फक्त फेकण्यासाठी उरला, तर तो नको तितका लांब जाऊ लागला. १९८४ मध्ये पूर्व जर्मनीच्या उवे होनने १०४.८० मीटर फेक केली. मैदान अपुरे पडेल ही धास्ती होतीच. भाला सपाट पडल्याने फेक वैध की अवैध हेही ठरेना. १९८६ मध्ये पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य पुढे सरकवला, म्हणजे टोक लवकर खाली येते. वजन ८०० ग्रॅमच राहिले. नीरज चोप्राचे टोकियोतले ८७.५८ मीटर या बदललेल्या भाल्याचे, आणि १९९६ मध्ये चेक यान झेलेझ्नीने फेकलेले ९८.४८ मीटर हा त्याच भाल्याचा विश्वविक्रम.